दोघं मिळून

बँकेनं माझ्या खात्यातून दहा रुपये कापले, तेव्हा मी आख्खी बँक डोक्यावर घेतली होती. सुरतेत प्लेग आला, त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. उधना दरवाजाकडची लहानशी सहकारी बँक. दोन पंखे, एक लाकडी बाक आणि जाळीमागं बसलेला म्हातारा कारकून. मी जाळीला तोंड लावून ओरडलो, "पैसे माझे, सांभाळायला तुमच्याकडं दिले, आणि दंड मलाच?"

"भाई, पाँचसो के नीचे गया तो चार्ज लगेगा," कारकून म्हणाला. "मिनिमम रखना पडता है."

"पाचशे नुसते ठेवून द्यायला असते, तर मी सुरतला कापड विणायचे सांचे चालवायला कशाला मरायला आलो असतो?"

रांगेतली माणसं हसली. हसोत. मला रामदास कंजूस म्हणतात, तेही म्हणोत बापडे. मी अर्धी बिडी विझवून कानावर ठेवतो, हे खरं आहे. पण बारा-बारा तास सहा सांच्यांपुढं उभं राहून आम्ही दळायचं आणि पीठ कुत्र्यानं खायचं, हे मला नाही सोसत. खोलीत पैसे ठेवावेत तर एकदा कुणी पेटी फोडून नेले. शेठकडं ठेवावेत तर आपलेच पैसे मागायला त्याच्या दारात तासभर उभं राहायचं. म्हणून बँक धरली, तर ही तऱ्हा.

त्या संध्याकाळी पाळी बदलताना मी धुडकूला हे सांगितलं. सांगितलं म्हणजे काय, सांचे सुरू असताना बोललेलं कुणाच्या बापाला ऐकू येत नाही. आम्ही हातानं बोलायचो. मी दोन्ही हातांची बोटं दाखवली आणि दोन बोटांची कात्री करून कापल्यासारखं केलं. धुडकूनं स्वतःच्या छातीवर थाप मारली आणि तशीच कात्री केली. म्हणजे त्याचेही कापले होते.

धुडकू माझा जोडीदार. एकाच सहा सांच्यांवर दिवसा एक, रात्री एक. सात वाजता तो यायचा, मी निघायचो. पंधरा दिवसांनी पाळ्या बदलायच्या, पण दोघांच्याही बदलायच्या, म्हणजे पुन्हा तो दिवसा तर मी रात्री. दिवाळी सोडली तर कारखाना एक दिवस बंद नसायचा. लिंबायतमधली खोली आम्ही दोघांत घेतलेली, खाट एकच. मी कामावरून येऊन आडवा व्हायचो तेव्हा गोधडी त्याच्या अंगाच्या घामानं ओलसर असायची. पातेल्यावर ताटली झाकलेली असायची. ताटलीखाली कधी भाकरी आणि ठेचा, कधी नुसता भात. भाताला जळका वास आला की समजायचं, धुडकूला आज झोप आली नाही. मीही त्याच्यासाठी झाकून ठेवायचो. पाच वर्षं आम्ही एका खाटेवर झोपलो आणि एका पातेल्यात जेवलो, पण समोरासमोर बसून एक घास खाल्ला नाही. दिवाळीला तो अमळनेरकडं त्याच्या गावी जायचा, मी पारोळ्याकडं. माझ्या गावी तरी कोण होतं? बायको लग्नाच्या तिसऱ्या वर्षीच वारली. भाऊ आहे, त्याला मी आठवतो ते पैसे पोचायला उशीर झाला म्हणजे.

पुढच्या महिन्यात मी पुन्हा भांडायला गेलो. कारकून वैतागून म्हणाला, "तुम्हारा जोडीदार भी रोता है, तुम भी रोते हो. दोनों का एक खाता कर लो ना! आधा-आधा मिनिमम रखो."

मला पटलं. धुडकूलाही पटलं. एक दिवस तो डोळे चोळत खोलीवरून आला, मी मगनला सांचे बघायला सांगून कारखान्यातून आलो. मगन आमच्या शेजारचे सांचे चालवायचा, भला माणूस. कारकुनानं फॉर्म पुढं ओढला आणि विचारलं, पैसे काढायला दोघांतला कोणीही एक चालेल, की दोघं मिळून?

धुडकू पटकन म्हणाला, "दोन्हीजन मिळून."

मीही मान हलवली. त्यात विचार करायचं काही नव्हतं. कारखान्यात कापडाचा ताका सांच्यावरून उतरला की हिशेबाचा मेहताजी मीटर मोजायचा, तेव्हा दोघा जोडीदारांनी समोर उभं राहायचं, असा कायदाच होता. एकटा उभा राहिला तर उद्या दुसरा म्हणणार, माझं कापड कमी मोजलं. चांगले भाऊ-भाऊ असले तरी दोघं मिळूनच उभे राहणार. पैशाला तोच नियम लावला, त्यात काय चुकलं? धुडकूनं अंगठा उठवला, मी सही केली.

चुकलं काय ते महिन्यानं कळलं. मी एकटाच पैसे काढायला गेलो, तर कारकून म्हणाला, दुसरा कुठंय? त्याचा अंगठा माझ्यासमोर पाहिजे. मी म्हटलं, तो झोपलाय. कारकून म्हणाला, उठव. बँक दुपारी बंद होणार. धुडकू नुकता डोळा लागून घोरत होता, त्याला मी गदागदा हलवला.

"काय व्हयनं? आग लागनी का?"

"बँकेत चल. तुझ्या अंगठ्याशिवाय पैसे निघत नाहीत."

तो लेंग्याची नाडी बांधत, शिव्या देत माझ्यामागं आला. बँकेत गर्दी होती. आम्ही बाकावर बसलो. तो मोठ्यानं काहीतरी बोलला, मी मोठ्यानं उत्तर दिलं, आणि आख्खी बँक आमच्याकडं बघायला लागली. शिपाई येऊन म्हणाला, "ए, झगडा बाहर करो." आम्ही भांडत नव्हतो. सांच्यांच्या आवाजात कान गेलेली माणसं अशीच बोलतात. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग धुडकू माझ्या कानाशी वाकून हळू म्हणाला, "धीरे बोल भाऊ, आठे सांचा नही शेत." म्हणजे, इथं सांचे नाहीत.

आणि मी त्याच्याकडं बघतच राहिलो. पाच वर्षांत धुडकूचा असा हळू आवाज मी पहिल्यांदा ऐकला. कारखान्यात ऐकली होती ती आरोळी. हा आवाज जाडा होता, जरा घोगरा, आणि बोलताना तो शब्दाच्या शेवटी हसायचा. मला वाटलं, हा बोलतच राहावा.

पैसे मिळाले. बाहेर उसाच्या रसाच्या गाड्यावर आम्ही एका ग्लासात दोघं प्यालो. तो त्याच्या बायकोबद्दल, सुंदराबद्दल बोलला. ती विहिरीवर उभी राहून शेजारणीशी कशी भांडते त्याची त्यानं नक्कल केली. मी इतका हसलो की रस नाकात गेला. मग तो झोपायला गेला आणि मी सांच्यांवर.

मग दर महिन्याला असंच. पैसे भरायला एकटा चालायचा, काढायला दोघं लागायचे. एकाची झोप जायची, दुसऱ्याचे दोन तास मुकादम कापायचा, वर रसाचे पैसे. मी हिशेबात कच्चा नाही. दहा रुपये वाचवायला आम्ही त्याच्या तिप्पट घालवत होतो, हे मला पहिल्याच महिन्यात कळलं होतं. ज्या माणसानं दहा रुपयांसाठी बँक डोक्यावर घेतली, तो माणूस गप्प बसला. मला ती दुपार पाहिजे होती. महिन्यातून एक दुपार, बाकावर शेजारी बसलेलं एक माणूस. त्यापुढं तिप्पट काय आणि चौपट काय! पण हे बोलणार कसं? बाप्या माणसानं बाप्या माणसाला असलं सांगतात का कुठं?

म्हातारा कारकून रिटायर झाला आणि त्याच्या जागी सुषमाबेन आल्या. तरण्या, चष्मा लावणाऱ्या, मनानं फार चांगल्या. आम्ही मोठ्यानं बोललो तरी रागवायच्या नाहीत, नुसतं ओठांवर बोट ठेवायच्या. तीन-चार वेळा त्यांनी आम्हाला बघितलं. एकदा धुडकू रातपाळी करून आला होता. बाकावर बसल्या बसल्या त्याची मान माझ्या खांद्यावर पडली आणि तो घोरायला लागला. सुषमाबेननी आम्हाला जाळीजवळ बोलावलं.

"काका, तमे बन्ने दर महिने आवी हेरानी केम करो छो? दोघांपैकी कोणीही एक येऊन पैसे काढेल, असा फॉर्म मी आत्ता भरून देते. मग यांना झोप मोडायला नको, तुमचा पगार पण कापणार नाही."

मला तो फॉर्म नको होता. मी कंजूस, साऱ्या लिंबायतला माहीत. मीच नको म्हटलं तर का नको म्हणून विचारणार, आणि मी काय सांगणार? बाई फॉर्म काढून लिहायलाही लागल्या. मी नुसता जाळीच्या गजाला धरून उभा.

तेवढ्यात धुडकू एकदम सांच्यावरच्या आवाजात ओरडला, "नको बेन! ह्या माणसाचा मला भरोसा नाही! मला विचारल्याशिवाय सगळे काढून खाईल हा!"

बँकेत खसखस पिकली. शिपाई तर गल्ल्याला धरून हसला. रांगेत आमच्या कारखान्यातले दोघं होते, आता ही गोष्ट गावभर होणार. माझे कान तापले. पाच-सहा वर्षं ज्याच्यासाठी भाकरी झाकून ठेवली, त्यानं चारचौघांत चोर ठरवलं! पैसे घेऊन मी तडातडा पायऱ्या उतरलो. रसाच्या गाड्याकडं बघितलंसुद्धा नाही.

तो मागून धावत आला. माझा सदरा धरून त्यानं मला थांबवलं, हातात रसाचा ग्लास दिला आणि रस्त्याकडं बघत म्हणाला, "बोलनं पडनं, रामदास. दुसरं काय सांगतो त्या बाईले? तुले सुचनं व्हतं का काही?"

मी ग्लास तोंडाला लावला. त्यालाही ती दुपार पाहिजे होती. हे कळल्यावर मला इतकं बरं वाटलं की भर रस्त्यात रडू येईल की काय असं झालं. मी म्हटलं, "बर्फ जास्त टाकलाय मेल्यानं, रस कमी बसतो." धुडकू हसला. पुढं आम्ही ह्या गोष्टीबद्दल कधी बोललो नाही.

कारखान्यात मात्र मला सगळे 'भरोसा' म्हणायला लागले. "ओ भरोसा, जरा बिडी दे." मी ऐकून घ्यायचो.

असं चाललं होतं दोन-अडीच वर्षं. मग धोटा उडाला.

धोटा सांच्यात इकडून तिकडं धावतो, लाकडी, दोन्ही टोकांना लोखंड. पट्टा झिजला की तो बाहेर निसटतो. चौथ्या सांच्याचा पट्टा झिजलाय, हे आम्ही दोघांनीही मुकादमाला सांगून झालं होतं. मी पाळी घ्यायला दारातून आत शिरत होतो आणि धुडकू मला बघून हात वर करत होता. माझ्याकडं बघण्यात त्याची मान सांच्यावरून वळली आणि धोटा सुटला. तो किंचाळला असेल. मला ऐकू आलं नाही. नुसता तो खाली बसलेला दिसला, दोन्ही हात डोळ्यावर आणि बोटांमधून रक्त मनगटावर येत होतं. सहाही सांचे खडाखडा चालूच होते.

डावा डोळा गेला. शेठनं मलमपट्टीचे पैसे दिले आणि म्हणाला, काम करताना इकडंतिकडं कशाला बघायचं? एका डोळ्यानं तुटलेला धागा दिसत नाही. धागा दिसला नाही की कापडाला जाळी पडते, आणि जाळी पाडणारा माणूस सांच्यावर कोण ठेवणार? धुडकू पंधरा दिवस खोलीत पडून होता. खाट त्याला, मी खाली पोत्यावर. तेवढे पंधरा दिवस आम्ही एका वेळी एका छताखाली झोपलो, पण त्याला दुखत असायचं आणि मी थकलेला असायचो. बोलणं झालंच नाही.

मग गावाकडून सुंदराचा निरोप आला, असेल तसा माणूस परत पाठवा.

निघायच्या आदल्या दिवशी आम्ही बँकेत गेलो. पट्टीवरून त्यानं गमछा बांधला होता. मी त्याचा हात धरून पायऱ्या चढवल्या. सुषमाबेन त्याला बघून उभ्याच राहिल्या. मिनिममचे पाचशे ठेवून आम्ही दोघांचेही सगळे पैसे काढले. मग त्यांनी हळू आवाजात विचारलं, "हवे खातुं बंध करी दऊं? उरलेले पाचशे पण मिळतील. अर्धे-अर्धे घ्या."

धुडकूनं एका डोळ्यानं माझ्याकडं बघितलं. या वेळी त्याला काही सुचत नव्हतं. त्याचं तोंड उतरलं होतं, ओठ पांढरे पडले होते. आता माझी पाळी होती.

मी म्हटलं, "बंद करायला चार्ज पडतो बेन."

"नथी पडतो, काका," त्या म्हणाल्या.

"पडतो. फुकटचा पैसा मी कुणाला देत नाही. राहू दे चालू."

सुषमाबेन माझ्याकडं बघत राहिल्या आणि त्यांनी फॉर्म परत खणात टाकला. मी कमरेच्या पिशवीतून अडीचशे काढून धुडकूच्या खिशात कोंबले. तो नको म्हणाला. मी म्हटलं, "तुझा अर्धा वाटा मी विकत घेतला. आता आतले पाचशे सगळे माझे."

"पन मना अंगठाबिगर तुले निघाव नहीत ते."

"मग यावं लागेल तुला."

"येसू," तो म्हणाला. "येसूच ना."

दुसऱ्या दिवशी मी त्याला भुसावळकडच्या गाडीत बसवलं. गाडी सुटताना तो खिडकीतून काहीतरी बोलला. फलाटावर गलका होता, आणि माझे कान तर असे. मला ऐकू आलं नाही, आणि पुन्हा विचारायच्या आत गाडी गेली.

त्याच्या जागी ललित आला. वीस-बावीसचा पोरगा, चांगला आहे, उलट बोलत नाही. पण तो खोलीवर स्वयंपाक करत नाही, बाहेर पावभाजी खातो. मी पहिले काही दिवस त्याच्यासाठी भाकरी झाकून ठेवली. परत आलो की ती तशीच असायची, वाळून खडंग. मग मी एकट्यापुरतं करायला लागलो. एक भाकरी थापायला काठवट काढायचा कंटाळा येतो. बऱ्याचदा मी नुसता चहा पिऊन झोपतो. गोधडीला आता कसल्याशा सेंटाचा वास येतो.

बँकेत मी जातच राहिलो. भरायला एकटा चालतो ना! त्यातच बँकेनं मिनिमम वाढवलं. पाचशेचं हजार केलं. सुषमाबेन म्हणाल्या, "काका, तुमच्या खात्यात पाचशेच आहेत. दर सहा महिन्यांनी चार्ज कापला जाईल. कापत कापत संपले की खातं आपोआप बंद होईल."

आपोआप बंद! मी त्याच दिवशी पगारातून पैसे भरले. दुसऱ्या महिन्यात आणखी भरले. हजाराच्या वर गेलं, तरी भरत राहिलो. उद्या आणखी वाढवलं मिनिमम, तर? कारखान्यात मगननं डोक्याला हात लावला. "रामदासभाऊ, जे पैसे काढता येत नाहीत त्यात पैसे घालतोस? चमडी जाईल पण दमडी सोडणार नाही असा तू, तुला झालं काय?"

"चार्ज वाचतो," मी म्हटलं.

आखाजीच्या सणाला धुडकूच्या गावचा भाईदास आला. तो गावाकडून सुरतला जा-ये करायचा, आमच्यासारख्यांचे पैसे-निरोप न्यायचा. त्यानं ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पिठाची पिशवी आणली होती. म्हणाला, धुडकूदादानं दिली. तो आता शेळ्या राखतो. दुसऱ्या डोळ्यालाही अंधारी येते, एकट्यानं गाडीत बसवत नाही. मी विचारलं, "काही म्हणाला का?"

"म्हणाला, खातं चालू आहे का विचार. मिनिमम सांभाळ म्हणे, फुकटचे कापू देऊ नको. मी येणार आहे म्हणे."

त्या दिवशी मी काठवट काढली. कळण्याच्या दोन भाकऱ्या थापल्या, एक खाल्ली, एक झाकून ठेवली. दुसऱ्या दिवशी तीही मीच खाल्ली.

परवा बँकेत गेलो तर सुषमाबेन खण आवरत होत्या. त्यांची बदली झाली, कामरेजकडं. मला बघून त्यांनी एक कागद पुढं केला. "काका, जाता जाता तुमचं हे काम करून जाते. हा फॉर्म गावी घेऊन जा, सरपंचासमोर त्यांचा अंगठा लावून आणा. त्यांना यायची जरूर नाही. मी साहेबांची सही आधीच घेऊन ठेवली आहे. सगळे पैसे तुम्हाला मिळतील, खातं बंद. नवा माणूस हे करून देणार नाही, अत्यारेज करी लो, आत्ताच."

बाईंनी माझ्यासाठी जीव लावून केलेलं काम. पंखा फिरत होता, कागदाचं टोक हलत होतं. मागं रांग होती. आणि तेव्हा मला धुडकूची ती आरोळी आठवली. मी घसा खाकरला आणि आख्ख्या बँकेला ऐकू जाईल असं ओरडलो, "नको बेन! त्या माणसाचा माझ्यावर भरोसा नाही! त्याला विचारल्याशिवाय मी सगळे काढून खाल्ले म्हणेल!"

रांगेतली माणसं हसली. शिपाई हसला. सुषमाबेन हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढून पुसला, फॉर्मची घडी घातली आणि खणात ठेवून दिली. मग माझ्याकडून पैसे घेतले, मोजले आणि भरण्याच्या पावतीवर शिक्का मारला.

"ते आले की माझा नमस्कार सांगा," त्या म्हणाल्या.

"सांगतो," मी म्हटलं. मग लगेच निघालो नाही. पंख्याखाली बाकावर एका कडेला जरा वेळ बसलो.